दोन पानी टिपणावरून पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरचा खर्च कसा काढायचा?

दगडीपाटी:
एका पतसंस्थेला नवं सॉफ्टवेअर हवंय. हातात दोन पानांचं टिपण आहे: सभासद, ठेवी, कर्ज, पिग्मी (एजंटाने रोज गोळा केलेली छोटी बचत), पासबुक छपाई, एसएमएस. शाखा ५, जुना डेटा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमध्ये. संचालक मंडळाला आठवडाभरात एकच रक्कम हवी. स्क्रीन मोजल्या तर ४० भरतात, पण एका स्क्रीनला किती दिवस धरायचे यावर टीमचं एकमत होत नाही. कोकोमो, म्हणजे कोडच्या आकारावरून मेहनत काढायचं सूत्र, लावावं का?

आकडेमोड:
स्क्रीन मोजू नका. सभासद शोधायची स्क्रीन तासाभरात उरकते आणि व्याज आकारणीची, जिच्यावर एकच बटण असतं, ती आठवडे खाते. या टप्प्याला नेस्मा या डच संस्थेची ढोबळ फंक्शन पॉइंट मोजणी चालते; फंक्शन पॉइंट म्हणजे सॉफ्टवेअर काय काय करतं त्याचं माप. तुमची सिस्टिम स्वतः सांभाळते त्या प्रत्येक डेटागटाला ३५ पॉइंट, दुसऱ्या सिस्टिमचा नुसता वाचायचा असेल तर १५.

सभासद, ठेव खाती, कर्ज खाती, तारण, पिग्मी एजंट, व्यवहार, लेजर, युजर-अधिकार: ८ गट, २८० पॉइंट. बाहेरून क्रेडिट ब्युरोची माहिती वाचायची असेल तर आणखी १५. एकूण २९५.

गट म्हणजे टेबल नव्हे. हप्त्यांचं वेळापत्रक वेगळ्या टेबलात असलं तरी ते कर्जाच्याच गटात जातं. शाखा, गावं, खातेप्रकार अशा कोड-नावाच्या याद्या धरायच्याच नाहीत. नवखे इथेच आकडा फुगवतात.

एका पॉइंटला किती तास लागतात ते स्वतःच्या जुन्या टाइमशीटमधून काढा, इंटरनेटवरून उचलू नका. समजा ८ आले, तर २३६० तास. माणशी महिन्याला कामाचे १३० तास धरले, की साधारण १८ मनुष्यमहिने. त्याला माणशी मासिक खर्चाने गुणलं की रक्कम.

तिरकस:
कोकोमोचं सूत्र सोपं आहे हो, पण त्यात घालायला कोडच्या ओळी लागतात. बॅरी बोहेम यांच्या १९८१ च्या मूळ मॉडेलमध्ये साध्या प्रकल्पाला मनुष्यमहिने = २.४ × (हजार ओळी)चा १.०५ घात. १० हजार ओळी म्हटलं की २७ मनुष्यमहिने, २० हजार म्हटलं की ५६. आता १० की २० हे आज कोण सांगणार? अंदाजाचा अंदाज होतो नुसता.

आणि वरच्या १८ वरही फार भिस्त ठेवू नका. बोहेम यांच्याच मांडणीत नुसत्या कल्पनेच्या टप्प्यावर खरा आकडा चौथाईपासून चौपटीपर्यंत कुठेही पडू शकतो. व्याप्ती पक्की झाली की निम्मा ते दुप्पट, रिक्वायरमेंट पूर्ण झाल्या की दोन तृतीयांश ते दीडपट.

डीबीएफवाला:
या मोजणीत जुना डेटा आणण्याचं काम आलेलं नाही, आणि पतसंस्थेत तेच अंगावर येतं. फॉक्सप्रोतली मराठी नावं बहुधा जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात असतात. कन्व्हर्टर लावला की रफार आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. शिवाय प्रत्येक शाखेत सभासद क्रमांक १ पासून सुरू, म्हणजे एकच माणूस दोन शाखांत दोन क्रमांकांनी.

कोटेशनआधी एका शाखेच्या डीबीएफ (फॉक्सप्रोच्या डेटा) फायली मागा. २०० नावं बदलून छापील रजिस्टरशी ताडून बघा. तेरजेशी (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या गोषवाऱ्याशी) शिल्लक जुळते का तेही पाहा. हे काम शाखेगणिक वेगळ्या दराने लावा, मुख्य रकमेत मिसळू नका.

पासबुक छपाईचंही तसंच. शाखाशाखांत डॉट मॅट्रिक्सचं मॉडेल वेगळं, ओळीची जागा वेगळी. एसएमएसचं डीएलटी नोंदणीकरण (व्यावसायिक एसएमएससाठी टेलिकॉम कंपन्यांकडची सक्तीची नोंदणी) संस्थेच्या नावाने होतं, टेम्पलेट मंजूर होईपर्यंत चाचणी अडते.

दगडीपाटी:
पण १८ चं निम्मं ते दुप्पट धरलं तरी मंडळ ‘९ ते ३६ मनुष्यमहिने’ असं ऐकून घेणार नाही.

आकडेमोड:
नाहीच घेणार. म्हणून पहिल्या ३ आठवड्यांचं वेगळं, ठरलेल्या रकमेचं काम द्या. त्यातून त्यांच्या हातात पडेल: डेटागटांची यादी, एका शाखेचा बदललेला नमुना डेटा, आणि व्याजाची १५-२० सोडवलेली उदाहरणं, व्यवस्थापकाच्या सहीसह. दंडव्याज, मुदतपूर्व मोडलेली ठेव, ठेवतारण कर्ज ही तीन त्यात हवीतच. बाकीची रक्कम त्यानंतर.

एवढ्यालाही नकार आला, तर पल्ल्याच्या वरच्या टोकाजवळची रक्कम सांगा आणि काय धरलेलं नाही ते त्याच पानावर लिहा. ‘अधिक जीएसटी’ हे शब्द विसरू नका. ११.८ लाख ‘सर्वसमावेशक’ म्हणालात, तर १८ टक्क्यांनी १.८ लाख कराचे, तुमचे १०च.