एमटीबीवर 200 ची बीआरएम होते का? (खेड शिवापूरला पाय आखडले त्याची गोष्ट)

टेकडीवरचा_भोपळा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय 43, वजन 81, काम दिवसभर खुर्चीतलं. तीन वर्षांपूर्वी एक हार्डटेल एमटीबी (डोंगरात चालवायची सायकल, सस्पेन्शन फक्त पुढे) घेतली, 27.5 इंची चाकं, गिअर पुढे 3 मागे 8, डिस्क ब्रेक. दर रविवारी वेताळ टेकडी, नाहीतर डोणज्यापर्यंत जाऊन कांदाभजी आणि परत. मजेत चाललं होतं. पण ग्रुपमधल्या चौघांनी यंदा रोडबाइक घेतल्या आणि आता सगळे 200 च्या बीआरएमला (200 किमी ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची सायकल राइड) नाव घालतायत, आणि मला सांगतात की तो ट्रॅक्टर घेऊन येऊ नकोस, वेळेत बसणार नाही. दहा आठवडे आहेत हातात.

तर गेल्या रविवारी ट्रायल म्हणून एकटाच शिरवळला जाऊन यायचं ठरवलं. आनंदनगरहून पहाटे साडेपाचला निघालो, नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, पलीकडे उतार त्यामुळे काय सुसाट, मोठ्या गिअरवर दाबत गेलो, नीरेच्या पुलावर फोटोबिटो काढले, शिरवळला दोन वडापाव, एक कटिंग, मग अजून एक कटिंग. येताना वारा तोंडावर. खेड शिवापूरच्या आसपास उजव्या मांडीत असा गोळा आला की सायकल आडवी टाकून कडेला बसलो. दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि शेजारचं बोट बधीर, घरी आल्यावर शर्टाचं बटण निघेना, मुलाने काढून दिलं. बोगद्याचा चढ चालत चढलो, हे ग्रुपवर सांगितलेलं नाही, इथे सांगतोय.

98 किमी, घरातून निघून घरात यायला 8 तास 10 मिनिटं. अ‍ॅप म्हणतंय की त्यात सायकल 5 तास 50 मिनिटं हलत होती.

प्रश्न सरळ आहे. साठ-सत्तर हजार घालून रोडबाइक घेऊ का? घरून परवानगी मिळेल असं वाटत नाही, पण कारण भक्कम असेल तर विषय काढून बघतो.

मधली_चेनरिंग

भोपळेसाहेब, उत्तर तुमच्याच शेवटच्या आकड्यात आहे. 8:10 मधून 5:50 वजा करा. दोन तास वीस मिनिटं तुम्ही उभे होतात!

200 ला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी 14.8. तुमचा चालता वेग 16.8 पडतो. त्याच वेगाने 200 काढलेत तर बारा तासांना जरा कमी लागतील, वर दीड तास शिल्लक. म्हणजे ट्रॅक्टर वेळेत बसतो, पण दोन कटिंग आणि फोटोसेशन धरून बसत नाही. अर्थात शंभरनंतर वेग पडतो, म्हणून थोडं कमवायला लागेलच. आणि नुसती शेवटची वेळ पाळून भागत नाही, मधल्या प्रत्येक कंट्रोलला (तपासणीच्या थांब्याला) बंद व्हायची वेळ असते, तिथे उशीर झाला की विषय संपला.

ग्रुपला हेही सांगा की बीआरएम ही शर्यत नाही. पहिला-दुसरा नंबर नसतो, ब्रेव्हे कार्डवर (राइडच्या नोंदीचं कार्ड) शिक्के आणि वेळ, बस. सायकल कुठली हे कोणी विचारत नाही. हेल्मेट, पुढचा-मागचा लाइट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट मात्र विचारतात, त्याशिवाय सोडत नाहीत.

आता खर्च कुठे करायचा. टायर. त्या गुठळ्यांच्या 2.1 इंचीवर डांबरी रस्त्यावर जाणं म्हणजे दिवसभर खोडरबर घासत जाणं आहे, घूं घूं आवाज येतो ना, तो तुमच्या मांडीतून निघालेला जोर आहे. त्याच रिमवर 1.5 चे गुळगुळीत स्लिक बसतात, ट्यूबही त्या मापाची घ्या, हवा 60-65 पीएसआयपर्यंत (टायरच्या बाजूला छापलेलं बघून). पुढच्या फोर्कला सस्पेन्शन लॉकआउट (स्प्रिंग बंद करायची सोय) असेल तर डांबरावर कायम लॉक, नाहीतर चढावर उभं राहून मारलेलं अर्धं पॅडल फोर्क पिऊन टाकतो.

मोठ्या गिअरचं भूत पण उतरवा. समोर 42 आणि मागे 14 दातांवर मिनिटाला 80 फेरे मारलेत तरी सायकल ताशी तीसच्या आसपास पळते. तुम्हाला सतरा-अठरा हवेत. म्हणजे मधल्या चेनरिंगवर (पॅडलजवळच्या तीन दातेरी चकत्यांतली मधली), हलक्या पायाने, बोलता येईल इतक्याच दमाने. मांडीत गोळा आला की सगळे मीठ मीठ करतात, माझं मत वेगळं आहे, पायांना पन्नासची सवय आणि तुम्ही पहिले पन्नासच शर्यतीसारखे मारलेत, मग पाय दुसरं काय करणार.

रविवारची राइड दर आठवड्याला दहा-पंधराने वाढवा, दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा, बीआरएमच्या दोन आठवडे आधी दीडशे एकदा झाले की पुरे. मधल्या वारी एक दिवस तासभर सपाट, एक दिवस बोपदेव घाट. शेवटच्या आठवड्यात हिरोगिरी नको.

नाशिकची_पॅडलवाली

वरच्यांनी सायकलचं सांगितलं, मी माणसाचं सांगते.

करंगळी आणि शेजारचं बोट म्हणजे अल्नर नर्व्ह, मनगटाच्या त्या बाजूने जाते आणि तुम्ही सगळं वजन तिच्यावर टाकून बसलात. बहुतेक सीटचं टोक खाली झुकलेलं असणार, बघा हं, दुकानात मऊ वाटावं म्हणून बरेच जण झुकवून देतात. मग अंग पुढे घसरतं आणि हात ब्रेकसारखे लावून बसावं लागतं. सीटवर स्पिरिट लेव्हल ठेवून सपाट करा. एमटीबीच्या सरळ हँडलला हात धरायची एकच जागा असते, ही खरी अडचण आहे, तर दोन्ही टोकांना बार-एंड (पुढे निघालेल्या छोट्या मुठी) लावा, स्वस्तात मिळतात, दर दहा-पंधरा मिनिटांनी पकड बदला, हात झटका. बधीरपणा दोन-चार दिवसांत गेला नाही तर डॉक्टरला दाखवा, अंगावर काढू नका. सीटची उंची पण तपासा, पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. बहुतेकांची सीट खालीच असते कारण सिग्नलला पाय टेकायची सवय.

आणि खाणं! पन्नास किमी रिकाम्या पोटी जाऊन एकदम दोन वडापाव? पहिल्या तासापासून थोडं थोडं, भूक लागायची वाट बघायची नाही. मी खिशात राजगिऱ्याचे लाडू, चिक्की आणि खजूर ठेवते, दर अर्ध्या तासाला काहीतरी तोंडात, केळं दिसलं की केळं. एका बाटलीत साधं पाणी, एकीत ओआरएस. उन्हात नुसतं पाणीच पाणी पीत राहणं पण बरं नाही.

आमच्याकडे 2015 ला महाजन बंधूंनी दोघांच्या टीममध्ये रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) पूर्ण केली, अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण 4800 किमी, नऊ दिवसांच्या आत. मग काय, अर्धं नाशिक सायकलवर. पण त्यातल्या किती जणांनी आधी महागडी सायकल घेतली आणि दिवाळीपर्यंत ओएलएक्सवर टाकली तेही मी बघितलंय. थांबा आणि सेकंडहँड घ्या, असं पण म्हणता येईल :)

खडी_नि_माती

मला एक कळत नाही. डोंगरात चालवायची सायकल घेतलीत, डोंगर दारात आहे, आणि ट्रकच्या धुरात शिरवळ कशाला? ग्रुप निघाला म्हणून? रोडबाइकवाल्यांचं सगळं बोलणं अ‍ॅव्हरेज किती आणि वजन किती. टेकडीवर सकाळी खाणीच्या बाजूने एकटा निघा, मोर ओरडत असतात, मागचं चाक खडीवर सरकतं आणि तुम्ही बूड मागे घेऊन, ब्रेक न आवळता, ते सरकू देता. हे शिकायलाच मला दोन वर्षं लागली. ते हायवेवर कुठे मिळणार.

फक्त दोन गोष्टी पाळा, फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांना घंटी वाजवून, वेग कमी करून वाट द्या, नाहीतर उद्या आपल्यालाच बंदी. आणि पाऊस पडल्यावर दोन-तीन दिवस पायवाटेवर जाऊ नका, ओल्या मातीत चाकोरी पडते आणि पुढच्या पावसात तिचा ओहोळ होतो. सायकलचंही हाल, फोर्कमध्ये माती अशी भरते की चाक फिरायचं थांबतं.

मधली_चेनरिंग

@खडी: मुद्दा मान्य आहे, पण त्याने प्रश्न बीआरएमचा विचारलाय रे बाबा.

परदेशी_चाक

डेन्व्हरहून. खडीभाऊंना उत्तर असं की डोंगर आणि लांब पल्ला दोन्ही एकत्र होतं. इथून दोन-अडीच तासांवर लेडव्हिल गाव आहे, दहा हजार फुटांच्या वर, तिथे 1994 पासून 100 मैलांची एमटीबी रेस होते, म्हणजे 160 किमी. बारा तासांच्या आत आलात तर कमरेच्या पट्ट्याचं बक्कल मिळतं, नऊच्या आत आलात तर मोठं बक्कल, आणि त्या बक्कलासाठी धडधाकट माणसं वर्षभर पहाटे चारला उठतात. कोलंबाइन नावाचा चढ बारा हजार फुटांच्या वर जातो, तिथे शेवटच्या टप्प्यात रांगच्या रांग सायकल ढकलत चालताना दिसते. तेव्हा बोगद्याला चाललात त्याची लाज नको.

मी स्वतः केलेली नाही, ऑफिसमधल्या एकाच्या मदतीला ट्विन लेक्सच्या थांब्यावर उभा होतो. सकाळपासून त्याची वाट बघितली, तो आला, एक पाय टेकला, मी दोन बाटल्या बदलल्या, मागच्या खिशात खायचं कोंबलं, आणि गेला. मिनिटभर पण नाही. मी आणलेला उपमा माझ्याच हातात राहिला. त्याचा वेग काही फार नव्हता हो, तो फक्त थांबत नव्हता.

जुना_पेठकर

एक राहिलं. पंक्चर काढता येतं का? बीआरएममध्ये रस्त्यात मदतीला कोणी येऊ शकत नाही, मदत घेतलीत तरी कंट्रोलवरच. आमच्या वेळी शाळेतल्या पोरालाही यायचं, घमेल्यात ट्यूब बुडवायची, बुडबुडा दिसला की बोट ठेवायचं. आता मिस्त्रीकडे सायकल टाकून मोबाइल बघत बसतात. दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप जवळ ठेवा आणि घरी मागचं चाक दहा वेळा काढून घाला, साखळी कुठून कशी जाते ते हाताला कळलं पाहिजे, अंधारात बघायची वेळ येते. नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवा. काटा तिथेच असतो आणि नवी ट्यूब दोन किमीत बसते.

टेकडीवरचा_भोपळा

सगळ्यांचे आभार. मध्ये सहा आठवडे गेले, म्हटलं काहीतरी करूनच लिहावं.

रोडबाइक घेतली नाही. 1.5 चे स्लिक, ट्यूबा आणि बार-एंड घेतले, घरी विषय काढायची वेळच आली नाही. सीटचं टोक खरंच झुकलेलं होतं. काल सुरूर फाट्यापर्यंत जाऊन आलो, खंबाटकी सगळ्यात छोट्या गिअरवर रडतखडत पण बसून. दीडशे किमी, साडेनऊ तास, त्यात उभा 1 तास 10 मिनिटं, आणि त्यातली पंचवीस मिनिटं पंक्चरची. पेठकरकाका, बोट फिरवलं, तारेचा केसाएवढा तुकडा निघाला, टायरच्या जुन्या तुकड्यातली असते ना ती तार. डावी करंगळी अजून थोडी बधीर होते, उजवी ठीक.

@परदेशी: वडापाव खाल्ला, पण एकच, आणि उभ्याने.

@खडी: टेकडीसाठी जुने टायर जपून ठेवलेत, बीआरएम झाली की परत चढवतो.

बोगद्याचा चढ या वेळी उतरलो नाही. मग मागच्या वेळी चाललो होतो तेही ग्रुपवर सांगून टाकलं. सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले, आणि रात्री त्या चौघांतल्या एकाचा वेगळा मेसेज आला की कोणाला बोलू नकोस पण तिथेच मी पण चाललोय, नवीन सायकल घेऊन.