टेस्ट आधी की कोड आधी? कांद्याच्या हिशोबपट्टीवरून

इंदिरानगरकर

नाशिकमध्ये बाजार समित्या, द्राक्ष निर्यातदार आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या छोट्या टीम पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी माझं मत सरळ आहे: जिथे कुणाचे पैसे मोजले जातात, तिथे टेस्ट (कोडचं उत्तर अपेक्षित उत्तराशी जुळतं का हे तपासणारा छोटा प्रोग्राम) आधी आणि कोड नंतर.

कांद्याची हिशोबपट्टी घ्या. भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन 57.70 क्विंटल, रिकाम्याचं 34.20, निव्वळ माल 23.50. भाव 1,875 रुपये, म्हणजे रक्कम 44,062.50. आता पैसे काढून पूर्ण रुपये करायचे, तर 44,063 की 44,062? पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं साधं राउंड 44,062 देतं, कारण बरोबर अर्धा आला की ते सम आकड्याकडे जातं. शेतकरी मात्र 44,063 धरून बसलेला असतो.

टेस्ट लिहायची तर अपेक्षित आकडा आधी टाकावा लागतो, म्हणून हा प्रश्न बाजार समितीला विचारावाच लागतो. कोड आधी लिहिला तर भाषेनं परस्पर निर्णय घेऊन टाकलेला असतो, आणि मागाहून टेस्ट लिहिणारा बहुधा कोडनं दिलेलाच आकडा उत्तर म्हणून चिकटवतो.

क्रम असा: नापास होणारी एक छोटी टेस्ट, ती पास होण्यापुरता कोड, मग साफसफाई. टेस्ट नापास झालेली डोळ्यांनी पाहणं गाळू नका. पहिल्याच फटक्यात पास झालेली टेस्ट काही तपासतेय की नाही, हे कळायला मार्ग नसतो.

सातपूरकर

गोल करण्याचं उदाहरण पटलं. पण खर्चाचं बोला. 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तीन आणि आयबीएमच्या एका टीमचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोष 40 ते 90 टक्के कमी आढळले, पण सुरुवातीचा वेळ 15 ते 35 टक्के वाढला, आणि हे वेळेचे आकडे व्यवस्थापकांच्या अंदाजाचे होते. ठरलेल्या रकमेत काम घेणाऱ्या चार माणसांच्या टीमनं हा वेळ कुठून आणायचा?

दुसरं, तुमचं 57.70 आलं कुठून? भुईकाट्याच्या इंडिकेटरमधून, सिरियल पोर्टवरून, म्हणजे एकामागून एक बाइट पाठवणाऱ्या जोडणीतून. टेस्टमधला नकली काटा '005770' ही ओळ एकसंध देतो. खरा पोर्ट एका वाचनात '0057' देतो आणि पुढच्या वाचनात '70'. ओळ पूर्ण व्हायची वाट न पाहणारा कोड 5,770 किलोच्या जागी 57 किलो नोंदवतो, आणि टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. नकली काटा लिहिणाऱ्याच्या समजुतीइतकाच शहाणा असतो.

इंदिरानगरकर

@सातपूरकर, अगदी बरोबर. म्हणून नकली काटा मनानं लिहू नये. खऱ्या पोर्टवरचे बाइट एक दिवसभर फाइलमध्ये उतरवून घ्या, आणि टेस्टमध्ये तीच फाइल कधी एकेक बाइट, कधी सात-सात बाइट अशी तोडून वाचायला द्या. तुटलेली ओळ लगेच पकडली जाते. शिवाय रिकामं वजन भरलेल्यापेक्षा जास्त आलं तर पट्टी निघताच कामा नये, ही टेस्ट दोन मिनिटांची आहे.

वेळेबद्दल: अहवालांची मांडणी, स्क्रीनवरचे रंग यांच्यासाठी टेस्ट आधी लिहा असं मी म्हणतच नाही.

पंचवटीकर

माझा आक्षेप खर्चाला नाही, कोडच्या घडणीला आहे. प्रत्येक क्लास (कोडचा एक घटक) एकटा तपासता यावा म्हणून लोक डेटाबेस, घड्याळ, प्रिंटर सगळ्यांचे मॉक, म्हणजे नकली सोंगं, करतात. मग टेस्ट एवढंच म्हणते की 'अमुक फंक्शन एकदा बोलावलं गेलं'. उद्या दोन फंक्शनचं एक केलं, निकाल तोच राहिला, तरी चाळीस टेस्ट पडतात. जी टेस्ट कोड बदलायचं धाडस द्यायला हवी, तीच पायात बेडी होते. रेल्स या वेब फ्रेमवर्कचे कर्ते डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी 2014 मध्ये हाच मुद्दा मांडला, आणि त्यावर टेस्ट-आधी पद्धतीचे प्रवर्तक केंट बेक व सॉफ्टवेअरवरचे लेखक मार्टिन फाउलर यांच्याशी त्यांची जाहीर चर्चाही झाली.

घड्याळ मात्र बाहेरून द्यावं, हे मान्य. 1 एप्रिलला पहाटे 2 वाजताची पावती युटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) 31 मार्चच्या 20:30 ला पडते, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात. 31 मार्चची वाट न पाहता हे तपासायचं तर दुसरा उपाय नाही.

नाशिकरोडकर

डेटाबेसच्या बाबतीत पंचवटीकरांशी सहमत. टेस्ट वेगात चालाव्यात म्हणून एसक्यूलाइट हा हलका डेटाबेस आणि प्रत्यक्षात पोस्टग्रेस हा मोठा, ही जोडी फार फसवते. इंग्रजी नावांच्या शोधात एसक्यूलाइटचं लाइक (नमुन्याशी जुळणारा मजकूर शोधणारा आदेश) लहान-मोठं अक्षर एकच धरतं, पोस्टग्रेसचं धरत नाही. पूर्णांकाच्या रकान्यात एसक्यूलाइट अक्षरंही मुकाट घेतं. तेव्हा खरा पोस्टग्रेसच लावा, प्रत्येक टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून शेवटी रोलबॅक करा, म्हणजे तिचे बदल पुसले जातात. प्रत्येकी 0.3 सेकंद धरला तर 2,000 टेस्टना 10 मिनिटं लागतात. म्हणून हिशोबाच्या टेस्ट वेगळ्या ठेवून त्या दर सेव्हला, आणि डेटाबेसच्या टेस्ट कोड पुश करताना, म्हणजे सामायिक साठ्यात पाठवताना.

कव्हरेजच्या (टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या याच्या) टक्केवारीवर तर विसंबूच नका. ओळ चालली एवढंच ती सांगते, उत्तर तपासलं का ते नाही. कोडमधलं एखादं 'पेक्षा मोठं' हाताने 'पेक्षा मोठं किंवा समान' करून पाहा. एकही टेस्ट पडली नाही, तर सीमेवरची टेस्ट लिहिलेलीच नाही.

सातपूरकर

बाइट उतरवून घेण्याची युक्ती कामाची आहे, ती मानतो. पण इंजिन चालू असताना काट्यावरचा आकडा 5,760 आणि 5,780 मध्ये हलत राहतो. सलग किती वाचनं सारखी आली की वजन स्थिर धरायचं, तीन की दहा? हा आकडा टेस्ट आधी लिहून सापडत नाही. त्यासाठी काट्यावर उभं राहून भरलेल्या ट्रॉल्या बघाव्या लागतात, इंजिन बंद करून आणि चालू ठेवूनही. आकडा ठरला की त्याची टेस्ट मी स्वतः लिहीन, पण ती कोडच्या नंतरच येणार.