मदत हवी आहे: सोयाबीनची मुळं, नॅनो झिंक आणि वाढीव सीओटू, कंट्रोल (तुलनेच्या कुंड्या) नक्की काय ठेवू?

नमस्कार मंडळी, एम.एस्सी. अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मृदाशास्त्र. प्रयोगात अडकलेय आणि कुंड्या परत भरायच्या आधी कुणीतरी जाणकाराने बघावं असं वाटतंय.

माती घरच्या शेतातली, मराठवाड्यातली काळी, चुनखडीची, पीएच ८.२, डीटीपीए झिंक (म्हणजे झाडाला घेता येण्याजोगं झिंक) किलोला ०.४५ मिलीग्रॅम (०.६ च्या खाली कमतरता धरतात). आधी पेट्री डिशमध्ये फिल्टर पेपरवर बी ठेवून झिंक ऑक्साइडचे नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म, कण दिले, लिटरला १०० मिलीग्रॅम, तर मुळं आखूड आणि टोकं तपकिरी झाली. हे वाचलेलं होतंच, २००७ च्या एका पेपरात मुळ्याच्या रोपांची मुळं साधारण ५० मिलीग्रॅमलाच निम्मी राहिली होती. पण तेच कण किलोला १०० मिलीग्रॅम कुंडीत मिसळले तर ३५ दिवसांनी मुळांच्या लांबीत काहीच फरक नाही! मग पेट्री डिशवरून शेताबद्दल बोलायचं तरी कसं?

दुसरा भाग सीओटूचा. बाहेर आता ४२५ पीपीएमच्या आसपास आहे, मी प्लास्टिकच्या ओपन टॉप (वरून उघड्या) चेंबरमध्ये सिलेंडर लावून दिवसा ५५० ठेवला. तिथे मुळांचं वजन वाढलं, मुळांमधलं झिंकही वाढलेलं दिसतंय, पण पानात झिंकची टक्केवारी कमी. माझी समजूत अशी की मातीतल्या हवेत मुळांच्या श्वसनामुळे सीओटू आधीच हजारो पीपीएम असतो, त्यामुळे बाहेरच्या ५५० चा मुळांना थेट फरक पडत नसावा, जे होतं ते पानांमार्फत, म्हणजे प्रकाशसंश्लेषण वाढलं की मुळं जास्त सेंद्रिय आम्लं सोडतात आणि त्यात कण विरघळतात. बरोबर आहे का हे? आणि कंट्रोलच्या कुंड्या मी बाहेर उघड्यावर ठेवल्या होत्या, चेंबरमध्ये दुपारी ३ डिग्री जास्त असायचं, हे आत्ता लक्षात येतंय.

घाई यासाठी की बाबा एकरी १० किलो झिंक सल्फेट टाकतात आणि आता नॅनो घेऊ का म्हणून विचारतायत. त्यांना अंदाजाने काही सांगायचं नाहीये मला.

काळीमाती: ताई, कंट्रोल बाहेर ठेवलात म्हणजे सीओटू आणि उष्णता एकत्र झाली, ते आकडे वेगळे करता येणार नाहीत, सोडून द्या. दुसरा चेंबर तसाच बांधा, पंखाही तोच, फक्त गॅस सोडू नका. आणि झिंक सल्फेटची ट्रीटमेंट कुठंय? नॅनोमधून जेवढं झिंक जातं तेवढंच सल्फेटमधून द्या, शिवाय साधं झिंक ऑक्साइड पण ठेवा. नॅनो आणि सल्फेट दोन्हीकडे मुळं सारखीच वागली तर तो विरघळलेल्या झिंकचा परिणाम, कणाचा नाही. कुंडीत फरक दिसला नाही यात मला तरी नवल वाटत नाही, ८.२ पीएचच्या चुनखडीत झिंक मोकळं राहतंच किती? पेट्री डिशमध्ये त्याला धरून ठेवणारं काहीच नसतं. पानांमार्फतचं तुमचं म्हणणं मला पटतं.

मुळाक्षर: मुळं कशी धुतलीत? नुसत्या पाण्याने कण निघत नाहीत, वर चिकटून राहतात आणि मशीन तेही मुळातलं झिंक म्हणून मोजतं. पातळ ईडीटीएमध्ये (झिंक धरून ओढून काढणारं रसायन) खळबळून मग डिस्टिल्ड वॉटरने धुवा. आणि पानातली टक्केवारी कमी दिसली म्हणून घाबरू नका, झाड मोठं झालं की ती पातळ होते, एका झाडात एकूण किती मिलीग्रॅम गेलं ते काढा. ५५० पीपीएमच्या आसपास वाढवलेल्या गव्हाच्या दाण्यात झिंक साधारण ९ टक्के कमी भरल्याचं २०१४ साली छापून आलंय, तेव्हा दाण्यापर्यंत जा, ३५ दिवसांवर थांबू नका. मुळांवरच्या नत्राच्या गाठी मोजल्यात का? २०१२ च्या सोयाबीनच्या प्रयोगात सिरियम ऑक्साइडच्या नॅनो कणांच्या जास्त डोसला गाठींचं नत्र स्थिरीकरण जवळपास बंद पडलं होतं, मुळांच्या लांबीवरून ते कळलं नसतं.

धागाकर्ती: खूप खूप आभार दोघांचे. मुळं नळाखालीच धुतली होती, म्हणजे तो आकडा गेला. गाठी मोजल्या नव्हत्या पण मुळं फ्रीजमध्ये आहेत, आजच बसते. दुसऱ्या चेंबरसाठी प्लास्टिक मिळेल, सीओटू मीटर मात्र एकच आहे. दिवसातून दोनदा इकडून तिकडे नेऊन रीडिंग घेतलं तर चालेल का, की दोन्हीकडे सतत हवाच?