मोठेपणी पहिली सायकल : कोल्हापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

चाळिशी उलटल्यावर सायकल शिकणारी माणसं आपल्या गावात आहेत आणि बरीच आहेत, हे मी स्वतः शिकायला लागले तेव्हा कळलं. मैदानावर मला बघून ओळखीच्या एक काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "मला पण शिकायचंय गं, पण सायकल कुठली घेऊ?" त्यांना पटकन उत्तर देता येईना. दुकानात विचारायला गेलं तर आधी मुलाचं वय विचारतात. सायकल माझ्यासाठीच आहे म्हटलं की व्यायामाच्या गिअरवाल्या सायकलींच्या रांगेत नेऊन उभं करतात. ज्याला अजून तोलच सांभाळता येत नाही अशा मोठ्या माणसाला काय लागतं, हे फारसं कुठे लिहिलेलं नाही. म्हणून हा धागा. कोणती सायकल घेतली, का घेतली, कुठे शिकलात, कुणी शिकवलं, सगळं लिहा. लहानपणी का राहून गेलं तेही लिहा, लाजू नका.

माझ्यापासून सुरुवात करते. माहेरी सायकल एकच, ती भावाची. शाळा दोन गल्ल्या सोडून होती, त्यामुळे मला सायकल कशाला, असं सगळ्यांनाच वाटायचं आणि मलाही ते पटलेलं होतं. माझी उंची ५ फूट १ इंच. मी बिनागिअरची, २४ इंची चाकांची, मधली दांडी खाली वाकवलेली सायकल घेतली. दुकानात एकच गोष्ट तपासली : सीट पूर्ण खाली घेऊन बसल्यावर दोन्ही पावलं टाचेसकट जमिनीला लागतात का. ज्या सायकलीवर नुसते चवडे टेकत होते, ती कितीही देखणी असली तरी नाही म्हटलं. पाय टेकतोय हे शरीराला एकदा कळलं की निम्मी भीती जाते, आणि मोठ्या वयात शिकताना अडचण भीतीचीच असते. आमची हाडं आता लहान मुलांसारखी लवकर जुळत नाहीत, हे आम्हाला माहीत असतं.

मग दुकानातून दोन्ही पेडलं काढून घेतली. मेरी वेदर मैदानावर सकाळी लवकर जाऊन सीटवर बसायचं आणि पायांनी जमीन मागे ढकलत पुढे जायचं. हळूहळू पाय उचलायचं अंतर वाढलं, वळणं जमायला लागली, आणि पेडलं परत बसवली तेव्हा तोल सांभाळणं अंगात आलेलं होतं. मागून धरणारं कुणी लागलंच नाही.

शिवाजी पेठ, वय ५८

ताई, पेडलं काढायची युक्ती आमच्या वेळी कुणाला माहीत असती तर बरं झालं असतं. आमच्याकडे पोरं तासावर भाड्यानं सायकल आणायची आणि नळीखालून पाय घालून शिकायची. माझ्या एका पायाला लहानपणापासून थोडा अधूपणा, त्यामुळे मला कुणी त्यात घेतलंच नाही. नोकरीभर स्कूटरवर गेलो. निवृत्त झाल्यावर मनात आलं, आता तरी.

पुरुष असून मी लेडीज सायकल घेतली. गुडघा पूर्ण वाकत नाही, पाय मागून फिरवून दांडीवरून टाकता येत नाही. खाली वाकलेल्या दांडीच्या सायकलीत पाय समोरून घालता येतो, आणि तोल गेला तर पटकन बाहेरही काढता येतो. पेठेत चार जण बोलले. बोलू देत. ज्यांचे गुडघे, कंबर, पाठ कुरकुरते त्या सगळ्या बाप्यांना माझं सांगणं आहे, हीच सायकल घ्या. जुनी घेतली, ओळखीच्या घरातली, पुतण्या वापरत नव्हता ती. शिकताना सायकल पडणार, ओरखडे येणार. नव्या सायकलीवर प्रत्येक ओरखडा जिवाला लागतो.

लक्ष्मीपुरी, सायकल दुरुस्तीचं काम

वरच्या दोघांनी बरोबर लिहिलंय. दुकानाच्या या बाजूनं थोडं सांगतो.

पेडल घरी काढायचं तर १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. लोक नेहमीच्या बाजूला फिरवतात, ते आणखी आवळतं आणि मग सायकल माझ्याकडे येते. सोपी खूण सांगतो : पाना पेडलच्या दांड्याला लावून वरच्या दिशेला उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंची पेडलं अशीच सुटतात.

जुनी सायकल घेताना रंग बघू नका. पुढचं चाक उचलून फिरवा, रिम डावी-उजवीकडे डुलते का बघा. हँडल धरून पुढचा ब्रेक दाबा आणि सायकल पुढेमागे हलवा. खटखट लागली तर हँडलचे बेअरिंग सैल आहे किंवा खराब झालंय. दोन्ही ब्रेक दाबून बघा. आपल्याकडे बहुधा उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, पण बदलून लावलेलाही सापडतो, म्हणून घेतल्याबरोबर कुठला ब्रेक कुठल्या चाकाचा हे पाठ करा. शिकाऊ माणसानं उतारावर एकटा पुढचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, दोन्ही मिळून हळूहळू दाबायचे. ब्रेकची लिव्हर बोटांना लांब पडत असेल तर बऱ्याच लिव्हरवर छोटा स्क्रू असतो, त्यानं ती जवळ घेता येते. बायकांची बोटं लहान असतात, त्यांनी हे आवर्जून करून घ्या.

नवी सायकल घेतली की पहिल्या महिना-दीड महिन्यात एकदा परत आणायची. ब्रेकच्या वायरी सैल पडतात, चाकाच्या तारा बसतात, नट ढिले होतात. बरेच लोक हे करत नाहीत आणि सायकलच वाईट निघाली म्हणतात. अजून एक, शिकण्यासाठी शॉकअपची सायकल घेऊ नका. स्वस्तातल्या शॉकअपनं फक्त वजन वाढतं, आणि पडलेली सायकल उचलताना ते वजन तुम्हालाच कळतं.

आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. बिल घ्या आणि त्यावर बघून घ्या.

कसबा बावडा, वय ३८

मी ताराबाई पार्कात दोन घरी स्वयंपाकाला जाते. बसची वेळ आणि माझ्या कामाची वेळ जुळत नाही, रिक्षा रोज परवडत नाही. चालत जात होते. ज्यांच्याकडे कामाला आहे त्या वहिनींनी अर्धे पैसे उचल म्हणून दिले, बाकी मी भिशीचे घातले, आणि नवीन सायकल घेतली. पेठेतल्या काकांचं जुन्या सायकलीचं म्हणणं त्यांच्यासाठी ठीक आहे. मला रोज कामाला जायचंय, सारखी दुरुस्ती निघाली तर माझा खाडा होतो. म्हणून नवीनच.

मी जे बघून घेतलं ते लिहिते, कारण हे कुणी सांगत नाही. पूर्ण झाकलेलं चेनकव्हर, नाहीतर साडी किंवा सलवार चेनमध्ये गेलीच समजा. मागच्या चाकाला साडीगार्डची जाळी. पुढे बास्केट, पण शिकून होईपर्यंत बास्केट रिकामी ठेवायची, वजन घातलं की हँडल एकीकडे ओढतं. ओढणी मागे गाठ मारून खोचायची. दोन पायांचा मधला स्टँड घ्या, सामान ठेवताना सायकल कलत नाही.

मला माझ्या पोरीनं शिकवलं. ती सातवीत आहे. ती मागून पळत "आई, खाली बघू नको, लांब बघ" असं ओरडायची, आणि गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. पहिल्यांदा हसल्या. आता त्यातल्या दोघी पोरीला विचारतायत, आमालाबी शिकवतीस का म्हणून. पोरीला लई भाव आलाय.

सम्राटनगर, पदार्थविज्ञान शिकवतो

बावड्याच्या ताईंची मुलगी जे सांगते ते अगदी खरं आहे. त्याचं कारण लिहितो, कारण माझ्या ६१ वर्षांच्या आईला कारण समजल्यावरच सायकल जमली. तिला नुसतं "कर" म्हटलेलं चालत नाही.

सायकल डावीकडे कलली की नवशिका माणूस घाबरून हँडल उजवीकडे वळवतो, आणि पडतो. करायचं उलट असतं. ज्या बाजूला कलतोय त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचं, म्हणजे चाकं पुन्हा आपल्या वजनाखाली येतात. तळहातावर काठी उभी धरताना ती ज्या बाजूला झुकते त्याच बाजूला आपण हात नेतो, तसंच. सायकल स्वतःही हे थोडंफार करते. फिरत्या चाकांच्या गुणामुळे ती उभी राहते असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं, पण २०११ साली संशोधकांनी तो परिणाम रद्द होईल अशी सायकल बनवून दाखवली आणि तीही वेगात ढकलल्यावर आपोआप तोल सावरत गेली. वेग लागतो, एवढं मात्र खरं. फार सावकाश चालवलं तर दुरुस्तीला वेळच मिळत नाही. शिकणारे भीतीनं सावकाश जातात आणि त्यामुळेच डगमगतात, हे आईला पटवून देण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला.

पेडलं काढून शिकण्यात नवीन काही नाही. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल फॉन ड्राइसनं जे दुचाकी वाहन बनवलं त्याला पेडलं नव्हतीच, पाय जमिनीवर मारत जायचं. पेडलं पुढं कित्येक वर्षांनी आली.

आईची उंची ४ फूट १० इंच. तिला २० इंची चाकांची, घडी होणारी सायकल घेतली. पाय सहज टेकतात, आणि आमच्या अपार्टमेंटच्या जिन्याखाली मावते. लहान चाक खड्ड्यात जास्त आपटतं, हा तोटा आहे, आणि कोल्हापुरातले पावसाळ्यानंतरचे रस्ते बघता तो लहान तोटा नाही. पण ती तपोवन मैदान आणि कॉलनीच्या पलीकडे जात नाही. तिला तेवढंच हवंय.

टेंबलाईवाडी, वय २६

मी गिअरची घेतली आणि इथं सगळे नको म्हणतायत, म्हणून लिहितोय. माझं घर चढावर आहे. शिकणं मैदानावर झालं तरी घरी यायला चढ चढावाच लागतो, आणि नवीन माणूस चढावर वेग कमी झाला की तोल घालवतो. हलका गिअर असेल तर पाय फिरत राहतो आणि सायकल सरळ जाते. शिकताना एकच मधला गिअर ठेवला होता, बाकीच्यांना हात लावला नाही. चढ यायच्या आधी गिअर बदलायचा, चढावर जोर लावलेला असताना बदलला की चेन पडते.

सीटबद्दल एक सांगायचंय. शिकून झाल्यावर बरेच जण सीट खालीच ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडून देतात. पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. थोडी थोडी वर घ्या, एकदम नको. सीटच्या दांड्यावर मर्यादेची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये.

मित्र वाघबीळवरून पन्हाळा चढून जातात. मी अजून तिकडं गेलो नाही, पण जाणार.

मंगळवार पेठ, वय ४९

सगळं वाचून धीर आला. माझी अडचण रस्त्याची आहे. मैदानावर जमतं, पण महाद्वार रोडला पाय ठेवायची हिंमत होत नाही.

राजारामपुरी (धागा सुरू करणारी)

वहिनी, महाद्वार रोडवर सायकल शिकलेल्यांनीही गर्दीच्या वेळी उतरून ढकलत न्यावी, त्यात कमीपणा नाही. मी आधी आमच्या गल्ल्या धरल्या. राजारामपुरीतल्या गल्ल्या सरळ आणि एकमेकींना समांतर, त्यामुळे एकीतून जायचं आणि दुसरीतून यायचं. रविवारी पहाटे मुख्य रस्त्यावर. एक हात सोडून इशारा देता येईपर्यंत आणि मान वळवून मागं बघितल्यावर सायकल सरळ राहीपर्यंत मोठ्या रस्त्यावर जाऊ नका, हे दोन्ही मैदानावरच पक्कं करा. रंकाळ्याच्या पदपथावर सराव करायचा मोह होतो, पण तिथं म्हातारी माणसं आणि लहान मुलं चालत असतात, तिथं नको.

तुमची उंची कळवा. माझी पहिली सायकल आता मी फार वापरत नाही आणि तिची पेडलं दहा मिनिटांत निघतात. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मेरी वेदरवर घेऊन येते. बसून बघा, पाय टेकले तर महिनाभर तुमच्याकडेच ठेवा. मग ठरवा कुठली घ्यायची ते.