टायरची आतली कड गुळगुळीत, बाहेरची नक्षी शाबूत: पावसापूर्वी बदलावे का?

प्रश्न (डिचोली)

नमस्कार. आमची लहान हॅचबॅक सुमारे ४०,००० किलोमीटर चालली असून टायर गाडीबरोबर आलेलेच आहेत. म्हापसा-पणजी हा नेहमीचा प्रवास, शिवाय अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगावला जाणे होते. बाहेरून पाहिल्यास चारही टायरांची नक्षी चांगली दिसते, म्हणून पंक्चरवाल्याने हा पावसाळा आरामात निघेल असे सांगितले. गॅरेजमध्ये गाडी वर उचलल्यावर मात्र पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड जवळजवळ सपाट झालेली दिसली, आणि तेथील मेस्त्रींनी दोन नवे टायर घेऊन ते पुढेच बसवण्याचा सल्ला दिला. झीज नेमकी कशी तपासावी, ती एकाच बाजूने का होते आणि दोघांपैकी कोणाचे ऐकावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (फोंडा)

मेस्त्रींचे निदान बरोबर आहे. बाहेरून दिसणारी नक्षी पाहून टायरविषयी मत बनवणे धोक्याचे असते, कारण उभ्या गाडीच्या चाकाची आतली कड डोळ्यांना दिसतच नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून इंजिन बंद करावे, म्हणजे पुढच्या चाकाचा आतला भाग पाहता येतो. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे लहान आडवे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिमी असते आणि नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला असे समजावे. मोटारगाडीसाठी आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही किमान खोली १.६ मिमी हीच आहे. नव्या टायरची खोली साधारण ७ ते ८ मिमी असते. खोली मोजण्याचा छोटा गेज स्वस्त मिळतो. त्याने आत, मध्ये आणि बाहेर अशा तिन्ही ठिकाणी मोजावे आणि सर्वांत कमी आलेला आकडाच खरा धरावा.

मात्र १.६ मिमी ही कायद्याची सीमा आहे, सुरक्षिततेची नव्हे. खाचांचे काम चाकाखालचे पाणी बाजूला सारण्याचे असते. गोव्यात जूनपासून जो पाऊस कोसळतो, त्यात महामार्गावर पाणी साचलेले असताना उथळ खाचांना ते वेळेत बाहेर टाकता येत नाही. मग टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि त्या क्षणी स्टिअरिंग किंवा ब्रेक, कशाचाच उपयोग होत नाही. म्हणून आपल्याकडे ३ मिमीच्या आसपास आलेला टायर मृग लागण्यापूर्वीच बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कारण. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली, फक्त मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त राहिली, असे बहुधा समजावे. केवळ आतली कड झिजणे हे चाकांचा कोन बिघडल्याचे लक्षण आहे. तळहात टायरवरून आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवून पाहावा (कुठे तार बाहेर आलेली नाही ना, हे आधी बघावे). एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने धारदार लागले, तर टो (वरून पाहिल्यास चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलेला आहे. खड्ड्यांत आदळून टाय रॉड एंड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा) किंवा लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्यातले रबरी भाग) सैल झाले असतील, तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) केली तरी ती टिकत नाही. त्यामुळे आधी पुढचे सस्पेन्शन तपासून सैल भाग बदलावेत, मग नवे टायर बसवावेत आणि लगेच अलाइनमेंट करून घ्यावी. हा क्रम चुकला, तर नव्या टायरांचीही आतली कड काही महिन्यांतच जाईल.

उत्तर (मडगाव)

वरील उत्तराशी सहमत आहे. एक भर घालतो: दोनच टायर नवे घेणार असाल, तर ते मागे बसवावेत आणि मागचे चांगले टायर पुढे आणावेत. मागच्या चाकांची पकड सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. पुढची सुटली तर गाडी सरळ घसरते, पण ॲक्सिलरेटर सोडल्यावर बहुधा पुन्हा ताब्यात येते. घाटातल्या ओल्या वळणावर हा फरक फार मोठा ठरतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (डिचोली)

आपणा दोघांचे मनापासून आभार. गेज आणून मोजले. पुढे आतल्या बाजूला दीड मिमीच्या आत, बाहेर चार. मागे सगळीकडे साडेचारच्या आसपास. मागचे टायर आणखी किती काळ वापरता येतील?

उत्तर (फोंडा)

पुढचे दोन्ही आजच काढावेत. मागच्यांची खोली पुरेशी आहे, पण वयही पाहावे. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या इंग्रजी अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात; २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. उन्हाने रबर कडक होते, आणि बाजूला बारीक भेगा दिसू लागल्या असतील तर नक्षी शिल्लक असूनही तो टायर घाटात नेऊ नये. भेगा नसतील तर हा पावसाळा ते चालतील. फक्त हवा सकाळी, गाडी फिरवण्यापूर्वी, चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याप्रमाणे तपासत राहावी आणि ते करताना स्टेपनी विसरू नये.