काळ्या मातीच्या पांदणीसाठी जिप्सीत घरच्या घरी कोणते बदल करावेत?

संत्राबाग_काटोल

नमस्कार. आम्ही नागपुरात बेसा भागात राहतो आणि आमची संत्र्याची बाग काटोल तालुक्यात आहे. डांबरी रस्ता सोडल्यावर बागेपर्यंत साधारण दोन किलोमीटरची पांदण लागते. उन्हाळ्यात तिथून कोणतीही गाडी जाते. मृगाचा पाऊस एकदा चांगला लागला, की ट्रॅक्टरच्या चाकांनी पांदणीत खोल चाकोऱ्या पडतात आणि पुढे दिवाळीपर्यंत तीच स्थिती राहते. फळगळ थांबवण्यासाठीची फवारणी नेमकी याच काळात करावी लागते, त्यामुळे बागेत जाणे टाळता येत नाही.

या कामासाठी मी 2012 ची पेट्रोल जिप्सी घेतली आहे. इंजिन उत्तम आहे, फोर व्हील ड्राइव्ह आणि लो गिअर दोन्ही व्यवस्थित लागतात. गाडीला सध्या 205/70 आर 15 आकाराचे, रस्त्यावर चालवण्याचे टायर आहेत. अडचण अशी, की चाके चाकोरीत उतरली की मधला उंचवटा मागच्या डिफरन्शियलला (दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या आसाच्या, म्हणजे ॲक्सलच्या, मध्यावरचा गिअरचा गोळा) घासतो, गाडी त्यावर बसते आणि मग पुढचे एक व मागचे एक चाक नुसते फिरत राहते.

एका गॅरेजने पाटे (गाडी तोलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) ॲक्सलच्या वर घेऊन गाडी चार-पाच इंच उचलण्याचा, 235/75 आर 15 टायर घालण्याचा आणि पुढे लोखंडी बंपर बसवण्याचा सल्ला दिला आहे. माझ्याकडे घरी फरशीचे अंगण, वेल्डिंग मशीन आणि पान्यांचा पूर्ण संच आहे, आणि शक्य तेवढे काम स्वतः करण्याची इच्छा आहे. कोणते काम आधी घ्यावे, कोणते घरी जमण्यासारखे आहे आणि कोणते करूच नये, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गिअरबॉक्स_नागपूर

भाऊ, आपण अडचण नेमकी सांगितली आहे आणि तिचे उत्तर त्या वर्णनातच आहे. आपली गाडी डिफरन्शियलवर बसते. जिप्सीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे, म्हणजे डिफरन्शियलचा गोळा चाकांच्या सोबतच वर-खाली होतो. पाटे वर घ्या किंवा शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणारी कडी, लांब करा, उचलली जाईल ती चासी (गाडीचा सांगाडा) आणि बॉडी. डिफरन्शियल जमिनीपासून जेवढा होता तेवढाच राहील. त्याची उंची वाढवण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे मोठा टायर, आणि त्यातही टायरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मीच उंची पदरात पडते.

हिशेब करून पाहा. 205/70 आर 15 चा व्यास सुमारे 668 मिलिमीटर भरतो. 215/75 आर 15 चा सुमारे 704, म्हणजे डिफरन्शियल 18 मिलिमीटर वर जाईल. 235/75 आर 15 चा सुमारे 734, म्हणजे 33 मिलिमीटर. या सव्वा इंचासाठी जी किंमत मोजावी लागेल ती लक्षात घ्या. आपल्या 1298 सीसीच्या इंजिनाची ताकद 80 बीएचपी आहे आणि त्याचा पूर्ण टॉर्क, 103 न्यूटन मीटर, साडेचार हजार फेऱ्यांच्या आसपास मिळतो. खालच्या फेऱ्यांवर हे इंजिन फारसे ओढत नाही. टायरचा व्यास दहा टक्के वाढला की प्रत्येक गिअर दहा टक्के जड होतो, चिखलात क्लच जास्त घासावा लागतो, ब्रेकवर भार वाढतो आणि स्पीडोमीटर 60 दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात 66 च्या आसपास धावत असते.

काळ्या मातीचा आणखी एक गुण विसरू नये. ही माती वाळूसारखी झडत नाही. ओली झाली की टायरच्या खाचांत आणि मडगार्डच्या आत थापली जाते, आणि टायर मोठा असून वरची जागा तेवढीच असेल तर ती माती चाकालाच ब्रेक लावते. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आपण 215/75 आर 15 च्या पुढे जाऊ नये आणि टायर ऑल टेरेनऐवजी मड टेरेन प्रकारचा, मोठ्या व मोकळ्या खाचांचा घ्यावा. काटोलकडे बऱ्याच ठिकाणी काळ्या थराखाली मुरूम असतो. थर वीतभरच असेल तर अरुंद टायर तो कापून खालच्या मुरमावर पकड घेतो, आणि अशा वेळी रुंद टायर उलट वरच तरंगत घसरतो. थर खोल असेल तर हवा कमी करून टायरचा पसारा वाढवावा लागतो. साध्या रिमवर 15 ते 18 पीएसआयच्या खाली जाऊ नये, कारण वळताना टायर रिमवरून निघू शकतो. डांबरी रस्त्यावर परतल्यावर लगेच हवा भरता यावी म्हणून बॅटरीवर चालणारा लहान कॉम्प्रेसर गाडीत असलाच पाहिजे.

शेवटचा भाग चालवण्याचा. चाकोरीत चाके टाकूच नका. एक बाजू मधल्या उंचवट्यावर आणि दुसरी बांधाच्या कडेला ठेवून चालवले तर डिफरन्शियल चाकोरीच्या पोकळीवरून जातो. जिप्सीचे वजन सुमारे एक टन असल्यामुळे ती अशा कडेवरून बऱ्यापैकी निघते.

वर्धारोड_मिस्त्री

टायरबद्दलचे वरील म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. मी घरच्या कामांबद्दल लिहितो.

नवीन काही बसवण्याआधी आहे ती गाडी घट्ट करावी, आणि सुरुवात पुढच्या नकलपासून (पुढचे चाक वळते तो सांधा) करावी. जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलच्या टोकाला गोल नकल असते आणि तिच्या आत सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही ताकद पोहोचवणारा सांधा) ग्रीसमध्ये फिरतो. नकलच्या मागे चंद्रकोरीच्या आकाराच्या पट्ट्यांनी दाबलेले रबर व नमद्याचे सील असते. ते कडक झाले किंवा फाटले की चिखलाचे पाणी आत जाते. नकल उघडल्यावर ग्रीस काळपट आणि चिकट असेल तर ठीक आहे. ते राखाडी, पातळ झालेले असेल तर पाणी शिरले आहे असे समजून सर्व धुऊन काढावे, सील व किंगपिन बेअरिंग (ज्यावर नकल वळते ते) बदलावे आणि नवे ग्रीस भरावे. हे काम जॅकस्टँडवर गाडी ठेवून अंगणात करता येते. नुसत्या जॅकच्या भरवशावर मात्र गाडीखाली जाऊ नये. किंगपिन बेअरिंग सैल असेल तर साठच्या वेगाला स्टिअरिंग जोरात हलू लागते, आणि मोठे टायर घातल्यावर तो दोष वाढतो.

त्यानंतर पाटे. प्रत्येक पाट्याचे बुश, शॅकलची पिन आणि सेंटर बोल्ट पाहावा. जुने पाटे बसलेले असतील तर नुसते त्यांना पुन्हा कमान देऊन आणि बुश बदलून गाडी मूळ उंचीवर येते. अनेकदा ज्याला आपण उंची कमी पडणे म्हणतो ते थकलेल्या पाट्यांचे लक्षण असते. कमान देण्याचे काम घरी होत नाही. वाडी भागात ट्रकच्या पाट्यांची कामे करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे पाटे सोडून न्यावेत. आपल्याकडे वेल्डिंग मशीन आहे म्हणून मुद्दाम सांगतो, की पाट्याला कधीही वेल्डिंग करू नये. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि पाटा तिथेच तुटतो. यू बोल्ट एकदा सोडले की नवेच घालावेत आणि गाडी थोडी चालवून झाल्यावर पुन्हा आवळावेत.

पाटे ॲक्सलच्या वर घेण्याचा जो सल्ला आपल्याला मिळाला आहे तो घरी मुळीच करू नये. त्यात ॲक्सलवर नवे पॅड अचूक कोनात वेल्ड करावे लागतात, प्रॉपेलर शाफ्टचा (ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो, स्टिअरिंगचा दांडा तिरपा होऊन पाट्यावर आपटू शकतो, ब्रेकच्या नळ्या अपुऱ्या पडतात, आणि एवढे करून जोर लावल्यावर ॲक्सल पिळला जातो तो वेगळाच.

घरी करण्यासारखे, कमी खर्चाचे आणि फार उपयोगाचे काम म्हणजे डिफरन्शियलचे ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याचे तोंड, वर नेणे. गाडी चालून डिफरन्शियल गरम झालेला असतो. तो नाल्याच्या थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर बंद किंवा पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढले जाते. मूळ ब्रीदरला तेलाला टिकणारी रबरी नळी जोडून ती बॉनेटच्या उंचीपर्यंत न्यावी आणि टोकाला लहान फिल्टर लावावा. नळी ॲक्सलच्या हालचालीत ताणली जाणार नाही एवढी ढिली ठेवावी. दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी), सर्वांचे ब्रीदर असेच घ्यावेत.

मागच्या डिफरन्शियलला दोन्ही चाके एकत्र फिरवणारे लॉक बसवले तर आपले एकच चाक फिरण्याचे दुखणे बरे होईल हे खरे. परंतु त्यासाठी क्राउन व पिनियन या आतल्या दोन मुख्य गिअरची जुळणी पुन्हा करावी लागते, आणि ते अनुभवी हाताचे काम आहे. हा खर्च टायरनंतर, गरज उरली तरच करावा.

सावनेर_वाचक

तांत्रिक बाजू वर आली आहे, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मूळ ठरवून दिलेली रचना यांत तफावत पडेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम 182-अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. लोखंडी बंपर व क्रॅश गार्डबाबत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करण्यास सांगितले होते.

आपली गाडी 2012 ची आहे, म्हणजे 2027 मध्ये पंधरा वर्षे पूर्ण होतील आणि नोंदणीचे नूतनीकरण करताना आरटीओकडून तपासणी होईल. उचललेली चासी, वेल्ड केलेला ॲक्सल आणि जड बंपर घेऊन त्या तपासणीला जाणे म्हणजे विनाकारण अडचण ओढवून घेणे होय. टायर मोठे घेतलेच, तर मूळ आकाराचा संच विकून टाकू नये.

संत्राबाग_काटोल

सर्वांचे मनापासून आभार. गाडी उचलल्याने डिफरन्शियल उचलला जात नाही, ही गोष्ट मला त्या गॅरेजमध्ये कोणीही सांगितली नव्हती. पाटे वर घेण्याचा आणि बंपरचा विचार सोडला आहे. नकल आणि ब्रीदरचे काम स्वतः करीन, पाटे वाडीला नेईन. एवढे करूनही गाडी अडकलीच तर ट्रॅक्टरने टोचन लावताना काय काळजी घ्यावी?

गिअरबॉक्स_नागपूर

बंपरला किंवा पाट्याच्या शॅकलला दोर बांधू नये. चासीच्या दोन्ही दांड्यांना पुढे व मागे, जाड प्लेटचे हुक 10.9 ग्रेडच्या बोल्टने बसवून घ्यावेत आणि आतल्या बाजूनेही प्लेट द्यावी, म्हणजे ओढ एका छिद्रावर येणार नाही. साखळीऐवजी पट्टा वापरावा आणि तो हुकला जोडण्यासाठी 4.75 टन क्षमता कोरलेले, ओढण्याच्या कामाचे शॅकल (पाट्याचे नव्हे) घ्यावे. ट्रॅक्टरने झटका न देता पट्टा आधी ताणून मग सावकाश ओढावे. त्या वेळी पट्ट्याच्या रेषेत आणि त्याच्या लांबीइतक्या अंतरात कोणालाही उभे राहू देऊ नये. बागेतल्या मजुरांना हे आधीच सांगून ठेवावे, कारण मदतीला म्हणून सगळे नेमके तिथेच जमतात. ओढण्याआधी फावड्याने डिफरन्शियलखालचा उंचवटा मोकळा केला तर निम्म्याहून कमी जोरात गाडी निघते.

गाडी ॲक्सलपर्यंत पाण्यातून गेली असेल, तर दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचा खालचा बोल्ट किंचित सैल करून पाहावा. तळाला पाणी बसलेले असेल तर ते आधी बाहेर येते. तेल दुधट दिसले तर ते सर्व काढून जीएल-5 दर्जाचे नवे तेल भरावे.