बीसीएल ११ए हे प्रथिन गर्भातील हिमोग्लोबिन कसे थांबवते?

प्रश्न (सातपुडा पायथा, शहादा):
आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः धडगाव आणि अक्कलकुव्याकडे, सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. बारावीच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, की असे बाळ जन्मतः ठणठणीत असून त्रास काही महिन्यांनंतरच का सुरू होतो? गर्भातील हिमोग्लोबिन त्याला सुरुवातीला वाचवते, इथपर्यंत मी सांगितले. मात्र ते थांबवणाऱ्या बीसीएल ११ए प्रथिनाची रचना मला समजावता आली नाही.

उत्तर (तापीकाठ, भुसावळ):
सर, या प्रथिनाचे मोठे रूप ८३५ अमिनो आम्लांचे असून त्याच्या शेवटाकडे तीन ‘झिंक फिंगर’, म्हणजे डीएनए धरणाऱ्या बोटांसारख्या घड्या, सलग आहेत. प्रत्येक फिंगरमध्ये दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा एक आयन पकडून ठेवतात, आणि त्यामुळेच त्या छोट्याशा घडीला आकार टिकतो. ही बोटे डीएनएवरील ‘टीजीएसीसीए’ हा सहा अक्षरांचा क्रम ओळखतात. गर्भातील हिमोग्लोबिनचा घटक बनवणाऱ्या गॅमा ग्लोबिन जनुकाच्या आरंभापूर्वी सुमारे ११५ अक्षरांवर तो क्रम आहे. प्रथिनाचे सुरुवातीचे टोक ‘नर्ड’ नावाचा प्रथिनसमूह तेथे ओढून आणते आणि जनुक बंद केले जाते. दारे धरणारा माणूस एका वाफ्याचे तोंड मातीने बुजवतो तेव्हा पाटाचे पाणी आपोआप पुढच्या वाफ्यात वळते, तसेच येथेही ग्लोबिन जनुकांना चालना देणारा डीएनएचा दूरचा भाग गॅमा सोडून प्रौढ हिमोग्लोबिनच्या बीटा जनुकाकडे वळतो. आणि सिकलसेलचा दोष नेमका बीटामध्येच, सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने, असतो.

प्रश्नकर्ता:
मग हे प्रथिनच काढून टाकले तर?

उत्तर (रक्तपेशी, धुळे):
तसे करता येत नाही, कारण बी लिम्फोसाइट (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) आणि मेंदूच्या वाढीसाठीही ते लागते. ज्यांच्यात या जनुकाची एक प्रत निकामी असते, त्यांच्यात गर्भातील हिमोग्लोबिन टिकते खरे, पण बौद्धिक वाढ खुंटते. म्हणून संशोधकांनी जनुकाला हात न लावता, केवळ लाल पेशींच्या पूर्वजांमध्ये त्याला चालना देणारा डीएनएचा तुकडा गाठला. ‘कॅसजेव्ही’ उपचारात रुग्णाच्याच मूळपेशींमधील तो तुकडा कॅस ९ या डीएनए कापणाऱ्या प्रथिनाच्या कात्रीने बिघडवतात. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने पुढच्याच महिन्यात त्याला मान्यता दिली. मात्र त्यासाठी तीव्र केमोथेरपी लागते आणि खर्चही आवाक्याबाहेरचा आहे. आपल्याकडील रुग्णांना आज मिळू शकणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळीही गर्भातील हिमोग्लोबिनच वाढवते, हे त्या मुलीला अवश्य सांगा.